चार पायांची चार मापे

इसवी सन दोन हजार बावीस, ऑक्टोबर महिन्याची पंधरा तारीख, वार शनिवार, वेळ सकाळी सव्वानऊची. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी वसलेल्या शेबॉयगन गावात, ऑर्विल ग्रेबनर यांच्या गॅरेजमध्ये माझ्या कपाळावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवण्यात आली. तिच्यावर 'नऊशे डॉलर' एवढेच लिहिले होते.

मी एक जुना, घरी बिअर करण्याचा संच आहे. मित्रांनो, 'संच' हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. तुमच्याकडे माझ्यासारख्याला कोणी 'भट्टी' म्हणेल आणि त्याच्या आधी 'हात' जोडून माझी अब्रूही घेईल. ते मला मान्य नाही. हातभट्टी वाफ धरते, ती निववते आणि थेंबाथेंबाने दारू गाळते. मी वाफ आकाशाला सोडून देतो. मोड आणून वाळवलेले जव मी ऊन पाण्यात भिजवतो, त्यांचा गोड काढा गाळतो, हॉपच्या वेलीची कडू फुले टाकून तो उकळतो आणि निवला की यीस्टच्या स्वाधीन करतो. हे सारे कायद्याने घालून दिलेल्या मर्यादेत, कुणालाही एक पेला न विकता, सतरा वर्षे चालले. माझ्यातली बिअर कधीच विकली गेली नाही. विकायला निघालो तो मीच.

माझा जन्म दोन हजार तीन सालच्या वसंतातला. ऑर्विल तेव्हा जिल्ह्याच्या रस्तेखात्यात मोजणीदार होते. ज्याचे माप घेतलेले नाही ते अस्तित्वातच नाही, अशी त्यांची श्रद्धा. एका बंद पडलेल्या बारमधून त्यांनी स्टीलची तीन पिंपे रीतसर पावती करून विकत घेतली आणि चौकटीच्या कागदाच्या अकरा तावांवर मला आखले. मला घडवले मात्र गेरिट टेन हाकन यांनी. दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षे वेल्डिंग केलेला हा डच घराण्यातला माणूस शेजारच्याच गल्लीत राहत होता. त्यांनी पिंपांची डोकी कापली, तळाशी नळ बसवले आणि पायऱ्यांसारखी तीन टप्प्यांची लोखंडी घडवंची जोडली. वरच्या पिंपात पाणी, मधल्यात जव, खालच्यात उकळी. पंप नाही, मोटार नाही. जे काही उतरते ते आपल्याच वजनाने उतरते. माझ्या अंगावरचा एकेक जोड माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा आहे. हे मी गर्वाने सांगत नाही. ते श्रेय माझे नव्हेच.

आता माझ्या पायांविषयी, कारण सगळी कथा त्यांच्यावर उभी आहे. ऑर्विल यांच्या गॅरेजची जमीन त्यांच्या वडिलांनी एकोणीसशे अठ्ठावन्न साली दोन मेहुण्यांना हाताशी धरून स्वतः ओतली होती, आणि त्या दिवशी सिमेंटपेक्षा बिअर जास्त लागली असे घरात सांगत. गाडीवरच्या बर्फाचे पाणी बाहेर वाहून जावे म्हणून इकडच्या जमिनी दाराकडे उतरत्या असतातच; ही दाराकडे उतरती होती आणि शिवाय उत्तरेच्या कोपऱ्यात खचलेली. ऑर्विल यांनी बुडबुड्याची पाणसळ घेऊन कोपरान्कोपरा मोजला.

"चार पाय, चार मापं," त्यांनी जाहीर केले. "सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत आखूड यांत पावणेदोन इंचांचा फरक. खाली स्क्रू लावायचे का रे? म्हणजे वरखाली करता येतील."

"स्क्रू कोण लावतो?" गेरिट म्हणाले. "ज्याला मोजता येत नाही तो. नाहीतर ज्याला घर सोडून जायचंय तो. तू कुठे चाललायस का?"

"मी कुठे जातोय!"

"मग गप माप सांग."

अशा रीतीने माझ्या चार पायांची चार मापे ठरली, आणि त्या वाकड्या जमिनीवर मी इतका सरळ उभा राहिलो की पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध जाऊन झोपी गेला. मला ओळखणाऱ्या माणसांत एकोणीस वर्षे कुणाच्याही ध्यानात आले नाही की मी लंगडा आहे. माझ्याही नाही.

कामाच्या दिवसांचे वर्णन मी आवरते घेतो. सुखाचे दिवस सांगताना माणसेही लांबण लावतात आणि ऐकणारा जांभया देतो. शनिवारी सकाळी दोघे येत. ऑर्विल तापमान वहीत टिपत, गेरिट लांब लाकडी वल्ह्याने जव ढवळत, बाहेर कोळशावर ब्राट नावाच्या जाड सॉसेजची चरबी तडतडत असे, आणि दोघे भांडत. ब्राट आधी बिअरमध्ये उकळावे की थेट निखाऱ्यावर ठेवावे, हा वाद तर मी घडलो त्याच्या आधीपासूनचा होता. "उकळणारा माणूस शेजारच्या जिल्ह्यातला असणार," असे म्हणून गेरिट तो मिटवत आणि पुढच्या शनिवारी ऑर्विल तो पुन्हा उकरून काढत.

एक गोष्ट मात्र समजून घेतली पाहिजे. या गावात स्तुती करण्याची पद्धत नाही. इकडे लग्न सुंदर झाले तर 'जेवण गरम होतं' म्हणतात. बिअरच्या बाबतीत गेरिट यांचा सर्वोच्च निकाल 'वाईट नाही' हा होता, आणि तोही त्यांनी सतरा वर्षांत तीनदाच दिला. त्यांपैकी तिसरा ऑर्विल धरत नाहीत, कारण त्या दिवशी गेरिट यांची दाढ काढलेली होती आणि त्यांनी वेदनेची गोळी घेतली होती.

मग दोन हजार वीसच्या हिवाळ्यात गेरिट यायचे थांबले. "पाठ धरलीय," असे ते फोनवर म्हणाले. पुढच्या शनिवारीही पाठच होती. ऑर्विल यांनी एकट्याने दोनदा जव भिजवले. ढवळताना त्यांचा गुडघा कुरकुरू लागला. तिसऱ्यांदा त्यांनी शेगडी पेटवली, पाच मिनिटे ज्योतीकडे पाहिले आणि विझवली. त्यानंतर माझ्या मधल्या पिंपात एका उंदरीण बाईंनी संसार थाटला. वरच्यात धूळ, खालच्यात ख्रिसमसच्या दिव्यांची गुंतवळ. मित्रांनो, वापरून झिजणे हे दुःख नव्हे. ज्याच्यासाठी घडलो ते काम रोज डोळ्यांसमोर असावे आणि हात लावणारे कोणी नसावे, ही खरी तगमग.

शेवटी ऑर्विल यांनी घर विकले. वृद्धांसाठी बांधलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांना जागा मिळाली. तिथे मेणबत्तीलाही परवानगी नव्हती, मग माझ्या तीन शेगड्यांची काय कथा! एकतीस ऑक्टोबरपर्यंत गॅरेज रिकामे करून द्यायचे होते. म्हणून ती पिवळी चिठ्ठी.

ऑर्विल यांची एकच अट होती: संच अख्खा जाईल, सुटा नाही. विक्रीची सूत्रे त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, लव्हर्नबाईंकडे होती, आणि बाईंना ती अट मुळीच पटली नव्हती. पहिल्याच सकाळी तिघे आले. एकाला अख्खा टर्की पक्षी तळायला माझी एक शेगडी हवी होती. एकाला सरपण रचायला घडवंची हवी होती. एका बाईंना तिन्ही पिंपे हवी होती, जिरेनियम लावायला.

"बघ," लव्हर्नबाई भावाच्या कानाशी लागल्या, "तिघांत मिळून अख्खाच गेला की!"

"गाय तिघांत वाटली की दूध कोण देतं गं?"

"गाय दोन वर्षं आटलीय, ऑर्वी."

जिरेनियमवाल्या बाईंनी पिंपाला टेप लावून घेतला आणि आपला नंबर लव्हर्नबाईंकडे ठेवला. तो टेप किती गार होता ते मी अजून विसरलो नाही.

दुपारी मेक्वॉनहून एक दंतवैद्य आले, डॉक्टर केंड्रिक. त्यांनी माझ्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारले, "काही खोड आहे का हो यात?"

"चौदा," ऑर्विल म्हणाले आणि टाइप केलेला कागद पुढे केला. डावा नळ थेंब थेंब गळतो. दुसऱ्या शेगडीची ज्योत एका बाजूला पिवळी. पिंपाच्या कडेला अमुक ठिकाणी पोचा, लांबी इतकी, खोली इतकी. उंदरीण बाईंचाही त्यात उल्लेख होता, भूतकाळात.

डॉक्टर मनापासून हसले. "मिस्टर ग्रेबनर, इतका सरळ माणूस मी आजवर पाहिला नाही." त्यांनी घासाघीस केली नाही. इकडच्या रिवाजाप्रमाणे दोघांनी 'बरं मग' म्हणून मांडीवर थाप मारली, उठले, दाराशी हवेविषयी बोलले, गाडीशी हरणांच्या शिकारीविषयी बोलले, खिडकीची काच खाली करून आणखी एकदा हवेविषयी बोलले, आणि पाऊण तासाने मी ट्रेलरवर चढून निघालो.

डॉक्टरांनी घरामागे अशा संचासाठी आधीच छपराची मोकळी पडवी बांधून घेतली होती. फरशी काटेकोर सपाट. तिच्यावर गोटी ठेवली तर ती विचारात पडावी. मला त्या फरशीवर ठेवले मात्र, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी डुगडुगलो. काय होते आहे तेच मला कळेना. मी तर होतो तसाच होतो! डॉक्टरांनी दोन पायांखाली मासिकांच्या जाड घड्या सरकवल्या, वरच्या पिंपात बारा गॅलन पाणी भरले आणि शेगडी पेटवली. पाणी तापत आले तसा मी थरथरू लागलो. ओरडता आले असते तर ओरडलो असतो. एका पायाखालची घडी सुळकन निसटली, माझा सारा तोल पुढे गेला आणि कढत पाणी डॉक्टरांच्या पायांपासून हातभर अंतरावर आदळले. ते भाजले नाहीत, हे त्यांचे नशीब, आणि माझेही.

बावीस तारखेला त्यांनी मला परत आणून टाकले. गॅरेजच्या दाराशी उभे राहून ते शांतपणे म्हणाले, "चौदा खोडी लिहून द्यायच्या म्हणजे पंधरावी कुणी शोधणार नाही. युक्ती छान आहे, मिस्टर ग्रेबनर."

पाय मोजून झाल्यावर ऑर्विल यांचा चेहरा उतरला. त्यांनी डॉक्टरांचे पैसे तिथल्या तिथे परत केले. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांच्या हद्दी इंचाइंचाने खऱ्या ठरवल्या, त्यांना कोणी लबाड म्हटले नव्हते. त्या दुपारी त्यांनी ब्राट अर्धे टाकले.

"चौदा लिहिल्यास आणि पंधरावी गिळलीस?" लव्हर्नबाईंनी विचारले, त्यांच्या आवाजात टोमणा होता, पण नेहमीची धार नव्हती.

"गिळली नाही गं. दिसलीच नाही मला. इथे ती खोड नव्हतीच."

मी इथे माझा मुद्दा मांडतो, कारण हे वाक्य पळवाट वाटण्याचा संभव आहे. खोड कशाला म्हणावे? मी मापाला चुकलेला नव्हतो; उलट एका जमिनीच्या मापाने तंतोतंत घडलो होतो. ऑर्विल यांची चूक खोटे बोलण्याची नव्हती. जे सदैव बरोबर असते तेही सांगावे लागते, हे ते विसरले. बारकाईने जगणाऱ्या माणसांकडूनच ही चूक होते: पोचा दिसतो, पायाखालची जमीन दिसत नाही.

पण युक्तिवादाने गॅरेज रिकामे होत नाही. नऊ दिवस उरले. लव्हर्नबाईंनी फोन फिरवले: शनिवारी, एकोणतीस तारखेला, दहा वाजता टर्कीवाला, सरपणवाला आणि जिरेनियमवाल्या बाई एकदमच येणार. ऑर्विल यांनी मान हलवली, ती होकाराची होती की नुसती, कुणास ठाऊक. मात्र गुरुवारी त्यांनी दोन वर्षांनी आपण होऊन गेरिट यांना फोन केला.

शुक्रवारी गेरिट आले. दोन्ही हात कोटाच्या खिशात. आत आल्यावरही त्यांनी ते बाहेर काढले नाहीत.

"चारही पाय कापून सपाट करून दे," ऑर्विल म्हणाले. "उद्याच्या आत. सपाट असला तर अख्खा जाईल. तसं जाहिरातीत लिहीन."

"मी नाही कापणार."

"का?"

"पाय बरोबर आहेत. जमीन वाकडी आहे. जाहिरातीत जमिनीचं लिही."

"अरे डच्या, जमीन विकली मी! तिच्याबरोबर द्यायला हा काय खांब आहे?"

"पाचरी मारायला सांग."

"उकळत्या पाण्याखाली पाचरी? त्या दातवाल्याचे पाय वाचले, पुढच्याचे वाचतील कशावरून?"

"मग विकू नकोस."

"आणि ठेवू कुठे? दुसऱ्या मजल्यावर, न्हाणीत?"

हे असे चालले असताना दाराशी कुणीतरी खाकरले. कारखान्याच्या निळ्या कपड्यांतली, केस घट्ट बांधलेली एक तिशीची बाई उभी होती. तिचे नाव पाकू लोर. तिचे आईवडील लाओसच्या डोंगरांतून आलेल्या ह्मोंग लोकांपैकी. ती स्वतः याच गावात जन्मलेली. कारखान्यातली पाळी संपवून ती थेट आली होती.

"बारमधल्या फळ्यावर विक्रीची चिठ्ठी होती," ती म्हणाली. "मागच्या शुक्रवारी तिथली मासळी खायला गेले होते. अजून विकायचाय ना?"

"आधी पाय बघा," ऑर्विल म्हणाले. त्यांनी तिला नमस्कारसुद्धा केला नाही. नवा कागद त्यांनी तिच्या हातात ठेवला. त्यावर पंधरावी खोड आता पहिली झाली होती.

पाकूने कागद वाचला, विजेरी काढली आणि सरळ जमिनीवर उताणी होऊन माझ्याखाली सरकली. विजेरीचा झोत एकेका जोडावरून फिरला. मग खालून आवाज आला.

"हे जोड कुणाचे?"

"का?" गेरिट गुरगुरले. "काय बिघडलंय त्यांत?"

"काही नाही बिघडलं. म्हणून तर विचारते." ती बाहेर आली आणि तिने हात झटकले. "मी वेल्डरच आहे. बारा वर्षं झाली. हे असं एकसारखं मला अजून जमत नाही."

गेरिट यांनी दाराबाहेर पाहिले. आमच्याकडे याला लाजणे म्हणतात.

"तुझ्या गॅरेजची जमीन कशी आहे, मिस लोर?" ऑर्विल यांनी विचारले.

"मध्ये जाळी आहे पाण्याची. चारी बाजूंनी मध्याकडे उतार. म्हणजे माझी चार मापं वेगळी." तिने हिशेब मनातल्या मनात केला. "पाय सगळ्यांत आखूडच्या मापाला आणायचे, आणखी दोन इंच उडवायचे, तळाशी नट जोडायचे आणि त्यांत पंजाचे बोल्ट. मग कुठेही उभा राहील."

"स्क्रू!" गेरिट असे म्हणाले जणू कुणी ब्राट उकळले.

"हो, स्क्रू. मी भाड्याने राहते, मिस्टर टेन हाकन. दोन वर्षांनी कुठे असेन मला माहीत नाही. हा माझ्याबरोबर यायला हवा."

"कापलेला पाय पहिल्यासारखा होत नाही."

"चांगला जोडला तर होतो. तुम्हीच जोडा. तुमचा आहे तो. मी धरते."

ही गोष्ट तिने आदराने सांगितली होती, आणि नेमकी तीच वर्मी लागली. मग गेरिट यांनी खिशातून दोन्ही हात काढले आणि समोर धरले. मित्रांनो, दोन वर्षांपूर्वी याच हातांनी जव ढवळताना वल्हे हातभर हलत असे आणि मनगट हलत नसे. आता बोटे वाऱ्यातल्या पानांसारखी थरथरत होती, आणि ते ती थांबवू शकत नव्हते.

"कॉफीचा कप दोन हातांनी धरतो मी," ते म्हणाले. "कापला असता, ऑर्वी. कापायला काय लागतं? कापल्यावर तळ जोडला कुणी असता?"

ऑर्विल त्या हातांकडे पाहत राहिले. "तू तर म्हणालास पाठ धरलीय."

"पाठही धरलीय."

"दोन वर्षं मला वाटत होतं..." ऑर्विल यांनी चष्मा काढून पुसला. "मला वाटलं, माझी बिअर बिघडली. म्हणून येत नाहीस."

"तुझी बिअर कधी इतकी चांगली होती, की बिघडली म्हणून कळावं?"

दोघे हसले नाहीत. पण ऑर्विल यांनी कोपऱ्यातली घडीची खुर्ची उघडली, धूळ झटकली आणि माझ्याजवळ ठेवली, जिथे ती सतरा वर्षे असे. गेरिट तिच्यावर बसले. दोन वर्षे एक माणूस आपले हात लपवत होता, दुसरा आपली शंका लपवत होता, आणि दोघांच्या मध्ये मी धूळ खात होतो. मला त्या क्षणी राग यायला हवा होता. आला नाही.

शनिवारी सकाळी आठलाच पाकू वेल्डिंगचे यंत्र घेऊन आली. सोबत तळलेल्या खमंग गुंडाळ्यांचा झाकणाचा डबा होता. "आईने एगरोल दिलेत. रिकाम्या हाताने जाऊ नकोस म्हणाली."

"अगं, कशाला!" ऑर्विल म्हणाले.

"खूप आहेत, घ्या."

"नको, आत्ताच न्याहारी झाली."

"मग डबा तरी ठेवा."

"बरं, एकच," ते म्हणाले. दोनदा नाही म्हटल्याखेरीज इकडे काही घेता येत नाही. तिसऱ्यांदा गेरिट यांनीही घेतला. नंतर दोघांनी मिळून नऊ संपवले.

मला आडवे पाडण्यात आले. पाते माझ्या पायांतून गेले तेव्हा दुखले. तसे न म्हणणे खोटेपणा होईल. पाकूने मुखवटा ओढला, गेरिट यांनी आपला जुना मुखवटा चढवला आणि खुर्ची पुढे ओढली. निळा प्रकाश पेटला. पहिल्या जोडाच्या वेळी गेरिट सारखे बोलत होते: "हळू. घाई कुणाची आहे? थेंब बघ, ज्योत बघू नकोस." दुसऱ्याला निम्मे बोलले. तिसऱ्याच्या मध्यावर दहा वाजले, आणि दाराशी टर्कीवाला, सरपणवाला आणि टेप घेतलेल्या जिरेनियमवाल्या बाई ओळीने उभे राहिले.

मी श्वास रोखला. म्हणजे, रोखण्यासारखे माझ्याजवळ जे काही आहे ते. लव्हर्नबाईंनी तिघांकडे पाहिले, मग भावाकडे. ऑर्विल उकिडवे बसून पाकूला पुढचा नट देत होते. गुडघ्याची त्यांना आठवणही नव्हती.

"माफ करा हं," लव्हर्नबाई दारातल्या मंडळींना म्हणाल्या. "गाय व्याली."

तिघांना काही कळले नाही, पण त्यांनी पाऊण तास निरोप घेतला. चौथ्या जोडाच्या वेळी गेरिट एक शब्दही बोलले नाहीत.

पाकूने नऊशे पुढे केले. ऑर्विल यांनी चार पायांचे म्हणून त्यातले दोनशे परत दिले. ती नको म्हणाली, ते घे म्हणाले, ती नको म्हणाली, आणि तिसऱ्यांदा तिने घेतले. त्यांनी सतरा वर्षांच्या वह्या आणि पाणसळही ट्रकमध्ये ठेवली. पाकूच्या गॅरेजमध्ये चारही बोल्ट फिरवून झाले तेव्हा बुडबुडा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, बिचकला आणि मधोमध थांबला. तसा मी आजही पुरता स्वस्थ नाही. पुन्हा निघावे लागेल, हे आता मला माहीत आहे. पण ज्याला निघावे लागेल हे माहीत असते, त्याचे पाय तरी तयार असतात.

मित्रांनो, म्हणून माझी एक विनवणी आहे. तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला धूळ खाऊ देऊ नका. आणि ती दुसऱ्याला देताना तिचे पोचे सांगाल, तसे ती कुठल्या जमिनीवर उभी होती तेही सांगा. वस्तूला हात लावणे एखाद्याने थांबवले असेल, तर वस्तूवर चिठ्ठी लावण्याआधी त्याच्या हातांची विचारपूस करा. ज्याचे हात थकले असतील त्यानेही ते खिशात लपवू नयेत. निगा म्हणतात ती काही तेलपाणी आणि फडके एवढ्यावर संपत नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी पाकूच्या गॅरेजमध्ये तिघांनी मिळून केलेली पहिली बिअर उघडली. गडद, जवाच्या भाजक्या सालीचा वास असलेली. ऑर्विल यांनी तापमानाचे आकडे पुन्हा एकदा वाचून दाखवले, कुणी विचारले नसताना. गेरिट यांनी पेला दोन हातांनी उचलला, एक घोट घेतला, दुसरा घेतला.

"आठवडाभर लवकर उघडलीत," ते म्हणाले.

"मी म्हणालो होतो," ऑर्विल म्हणाले.

"तू काही म्हणाला नव्हतास."

मग गेरिट यांनी पेला माझ्या घडवंचीवर ठेवला, ऑर्विल यांच्या खांद्याचा आधार घेतला आणि कण्हत गुडघ्यांवर बसले. पाकूने हातातले फडके तसेच धरले. त्यांनी आपला थरथरता अंगठा माझ्या पहिल्या पायाच्या जोडावरून फिरवला, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. चौथ्यावर तो थोडा जास्त वेळ थांबला. सरोवरावरून येणारा वारा दाराच्या फटीतून शिरत होता आणि कुणीही दार लावायला उठले नाही.

"वाईट नाहीत," गेरिट म्हणाले.